भुंगे आत घे, ताई

ताई, तू गेल्यापासून मी एकही रजा टाकलेली नाही. घरी बसून काय करायचं ते कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशीच आरोग्य उपकेंद्रात जाऊन बसलो. तापाचे पेशंट आले. त्यांच्या बोटांना सुई टोचली, काचेवर रक्ताचे थेंब घेतले, काचा वाळवल्या, त्यांच्यावर नावं घातली. हात नीट चालत होते. सिस्टरनं विचारलं, "भाऊ, तुम्ही घरी काहून नाही थांबले?" मी म्हटलं, "थांबून काय करू?"

मला रडू आलेलं नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात. सख्खी मोठी बहीण गेली, त्याच गावात हा माणूस गाडीवर फिरतो आहे, लोकांच्या टाक्यांत टॉर्च मारून अळ्या शोधतो आहे. दाढ काढण्याआधी सुई देतात ना, मग ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं झालं आहे. फक्त दुपारी जेवणाच्या वेळेला पाय तुझ्या गल्लीकडे वळतात आणि मला त्यांना परत वळवावं लागतं.

माझी बदली तुझ्या सासरच्या गावी झाली तेव्हा तू पहिल्याच दिवशी बजावलं होतंस, "डबा घेऊन आला तं उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको." कोराडीला माझ्या घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "सुटले मी." तेव्हापासून माझं दुपारचं जेवण तुझ्या ओसरीवर. पावसाळ्यात हमखास तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची भाजी. तरोट्याचं बी तू नाल्याच्या काठानं मुद्दाम फेकायचीस, कारण तो दाट उगवला की गाजरगवताला जागा उरत नाही. "खाय, खाय," म्हणायचीस, "हे भाजी नाही, औषध होय. तुह्यासाठी नाही, जमिनीसाठी." मला ती भाजी आवडत नव्हती, ताई. कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

गाजरगवताशी तुझं वैर कधी सुरू झालं ते मला नक्की माहीत नाही. अंगणवाडीत होतीस तेव्हा लेकरांच्या हातापायांवर चट्टे यायचे, तिथून असावं. मग तुझ्याच कोपरांवर आले, मानेवर आले, आणि शेवटी छातीत गेलं. फुलं धरायच्या दिवसांत तुला दम लागायचा. तू त्याला दमा म्हणू द्यायची नाहीस. "थोडं भरून येते," एवढंच. रिटायर झाल्यावर बचत गटातल्या बाया गोळा करून, हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, फुलं यायच्या आधी तू शाळेमागचं सारं मैदान उपटून काढलंस. दुसऱ्या वर्षी ते परत आलं. तिसऱ्या वर्षीही आलं. मग कृषी विभागाच्या एका शिबिरातून तू झाकणाला भोकं पाडलेली बरणी घेऊन आलीस. तिच्यात ते भुंगे होते. डाळीच्या दाण्याएवढे, पांढुरके, पाठीवर काळ्या रेघा. गाजरगवत सोडून दुसरं काही खात नाहीत म्हणे. तू बरणी माझ्यापुढे धरलीस, जशी काही नवी सून दाखवते आहेस.

"पाय, कसे आहेत."

"भुंगेच आहेत वं ताई."

"तुले मच्छराशिवाय दुसरं काही दिसते का?"

खरंच होतं ते. सरकारनं मला मच्छर मारायलाच ठेवलं आहे. मी विहिरीत आणि टाक्यांत गप्पी मासे सोडतो, ते अळ्या खातात. तू भुंगे सोडायला लागलीस, ते पानं खातात. "तू मासे सोडून राहिला, मी भुंगे सोडून राहिली," एकदा म्हणाली होतीस, "आपल्या घराण्यात आता हेच राहिलं गा, सोडून देणं." आणि विहारात पंचशील घेताना तू कोपरानं ढोसायचीस. प्राणिहिंसेपासून दूर राहीन, हे पहिलं शील म्हणायची वेळ आली की माझा आवाज बसतो, असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, "सरकारनं मच्छराले प्राण्यात धरलं नाही अजून."

त्या मच्छरदाणीची गोष्ट तर तू पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलीस की मला पाठ झाली होती. तुला भुंग्यांसाठी पिंजरे करायचे होते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत कुंडीत गाजरगवत, वरून बारीक जाळी. जाळी कुठून आणायची? मी म्हटलं, माझ्याकडे वाटपातली एक मच्छरदाणी उरली आहे. कोरी, सरकारी. आपण दोघांनी बसून ती कापली, शिवली, सांगाड्यावर चढवली. भुंगे आत सोडले. सकाळी तुझा फोन आला, "राजू, तुह्या सरकारनं सारे मारले गा." सगळे भुंगे पाय वर करून पडले होते. त्या जाळीला औषध लावलेलं असतं. नुसता टेकला तरी मच्छर मरतो, हे मीच घरोघर सांगत फिरत होतो. तू ते ऐकत माझ्याबरोबर फिरत होतीस. आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आपण आधी एकमेकांवर ओरडलो, मग हसलो. हसता हसता तुला दम लागला आणि तू हातानंच मला थांब म्हणालीस.

त्यानंतर आपला करार झाला. गावात तापाचे पेशंट निघाले की मला फॉगिंग मशीन खांद्याला लावून गल्लीगल्लीतून धूर सोडावा लागतो. डिझेलमध्ये औषध, पांढरा धूर, शेजारचा माणूस दिसत नाही. भुंग्यांना तो धूर म्हणजे मरणच. म्हणून तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो की मी गाडीचा हॉर्न लांब वाजवायचा. तू पिंजरे उचलून आत न्यायचीस, दार लावून घ्यायचीस, आणि आतून ताटावर पळी वाजवायचीस. ताट वाजलं की मी मशीन सुरू करायचो. सारी गल्ली हसायची. तुझा मिलिंद म्हणायचा, "मामा, मायच्या भुंग्यायले व्हीआयपी प्रोटोकॉल आहे."

करार भुंग्यांसाठी होता. दार तुझ्या छातीसाठी लागत होतं. हे आपण दोघंही कधी बोललो नाही. भुंग्यांसाठी म्हटलं की तू आत जायचीस. तुझ्यासाठी म्हटलं असतं तर ओट्यावर बसून राहिली असतीस, मला माहीत आहे.

ताई, माझ्या नोकरीतलं निम्मं काम तुझ्या आवाजावर झालं. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा, सगळी भांडी, ड्रम, कूलरच्या टाक्या रिकाम्या करायच्या, हे मी सांगितलं की बाया दारातूनच म्हणायच्या, "केलं भाऊ, सारं केलं." मग मागून तू यायचीस. "केलं तं दाखव वं. माह्या भावाले चहा नको पाजू, ड्रमचं झाकण उघड." आणि झाकण उघडलं की आत अळ्या वळवळत. कोणाच्या नव्या सुनेला वाईट वाटू नये म्हणून तूच ड्रम कलता करायचीस, वर म्हणायचीस, "माह्या घरी बी निघाल्या होत्या मागच्या आठवड्यात." निघाल्या नव्हत्या. माझे साहेब दौऱ्यावर आले की माझं कौतुक करून जायचे. मी ते घेतलं. तुझं नाव एकदाही पुढे केलं नाही.

पण तू प्रत्येक बाबतीत बरोबर होतीस असं आता लिहिणार नाही. तू नव्हतीस. तुझे भुंगे पाऊस लांबला की मातीत जाऊन बसायचे आणि गाजरगवत मात्र फुलून मोकळं व्हायचं. शाळेमागची जागा त्यांनी साफ केली, खरं. नाल्याच्या काठानं काही झालं नाही. मी म्हणायचो, तणनाशक मार, एका दिवसात काम होते. तू म्हणायचीस, तिथं गाई चरतात. मी म्हणायचो, चार दिवस बांध गाई. "तुले साऱ्याचंच औषध मारायची सवय झाली," असं तू म्हणालीस, आणि मी म्हणालो, "तुह्या भुंग्यायची गत सरकारी रस्त्यासारखी आहे, काम चालू आहे तं चालूच आहे." हे भांडण संपलेलं नाही. मला अजूनही वाटतं की नाल्याकाठी माझं बरोबर होतं.

या वर्षीच्या ग्रामसभेबद्दल मात्र तसं वाटत नाही. सरपंचांनी ठराव मांडला, दर आठवड्याला धूर मारायचा. लोकांना धूर आवडतो. धूर दिसतो. तू उभी राहिलीस. "धुरानं उडते मच्छर मरतात, पाण्यातल्या अळ्यायले काही होत नाही. चार दिवसांत पुन्हा तेच. त्यापेक्षा पोरं लावा, ड्रम, टायर रिकामे करा." कोणीतरी म्हणालं, "बाई, हे कोणं सांगतलं तुमाले?" आणि तू माझ्याकडे हात केलास. "माह्या भावालेच विचारा. घरी जेवताना तोच सांगते का धूर म्हणजे तमाशा होय."

मी सांगितलं होतं. तुझ्या ओसरीवर, अगदी याच शब्दांत. पण त्या दिवशी माझे साहेब सरपंचांच्या शेजारी बसले होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तेव्हा एवढंच सुचलं की काहीतरी बोलून सगळ्यांची तोंडं माझ्याकडून दुसरीकडे फिरवायची. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लीलाबाईंच्या घरामागे गाजरगवताचा वाफा आहे. आपण गाव साफ करून राहिलो अन् त्या पोसून राहिल्या. अशाच झाडोऱ्यात मच्छर दिवसा दबून बसतात."

लीलाबाई म्हणालो तुला. तो वाफा भुंग्यांच्या चाऱ्यासाठी आहे, फुलं धरायच्या आत तू तो खुडतेस, हे मला ठाऊक होतं. मच्छर तिथं वाढत नाही, त्याला पाणी लागतं, हेही ठाऊक होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, भाजी करता का त्याची?" सभा हसली. साहेबही हसले. तू खाली बसलीस. उठून गेली असतीस तर बरं झालं असतं. तू सभा संपेपर्यंत बसलीस, चहाही घेतलास.

मग मी दुपारी उपकेंद्रातच बिस्किटं खायला लागलो. तू मोठी आहेस, तू बोलावशील, असं मला वाटत होतं. तू म्हणत असशील, चुकला तो आहे, येईल तो. मिलिंद एकदा वीजकेंद्राच्या प्लांटवरून येताना रस्त्यात थांबला आणि म्हणाला, "मामा, तुमचं दोघांचं वय झालं गा. लेकरायसारखे काहून करून राहिले?" मी म्हटलं, "तुह्या मायले विचार."

त्यानंतर तुमच्याच आळीत एका पोराला डेंग्यू निघाला. मशीन काढावंच लागलं.

ताई, आता सांगतो ते नीट सांगायला हवं. मी तुझ्या कोपऱ्यावर आलो. गाडी उभी केली. मशीन खांद्याला लावलं, मास्क बांधला. हॉर्नवर अंगठा गेला होता, सवयीनं. मी तो वाजवला नाही. विसरलो नाही. घाई नव्हती. मनात स्पष्ट आलं की मरू दे एकदाचे भुंगे, कळू दे तिला. बस, एवढंच आलं. तुझी छाती त्या वेळी माझ्या मनात नव्हती. करार भुंग्यांचा होता, आणि मी भुंग्यांवर सूड घेत होतो.

मी गल्लीत शिरलो. पुढचं काही दिसत नव्हतं, मशीनचा आवाज कानात भरला होता. तरी तुझा आवाज आला. "थांब गा राजू, थांब!" मला वाटलं, आता चारचौघांत बोल लावशील. मी थांबलो नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, मशीन बंद केलं आणि धूर विरल्यावर त्याच वाटेनं परत आलो. तू ओट्यावर बसली होतीस. एक पिंजरा मांडीवर, दुसरा दारात आडवा. तू पिंजरे आणायला घरामागे गेली होतीस, आणि धूर मागूनही येतो, पुढूनही येतो. तुझ्या पदरावर भुंगे पडले होते, काही अजून चालत होते.

"झालं का तुह्यं?" तू म्हणालीस.

"झालं."

तू खांदे वर उचलून श्वास घेत होतीस. मी आरोग्य खात्यात आहे, ताई. माणूस खांद्यांनी श्वास घ्यायला लागला की काय समजायचं, हे मला शिकवलेलं आहे. मी ते पाहिलं. पाहून गाडीला किक मारली आणि पुढच्या गल्लीत गेलो.

रात्री मिलिंदनं तुला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. सकाळी मी आलो तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता. तू डोळ्यांनी बस म्हणालीस. पुढचे काही दिवस तू बरी वाटत होतीस. ऑक्सिजन काढला की बोलायचीस. समोरच्या खाटेवरच्या बाईला तू माझी ओळख करून दिलीस, "हा माहा भाऊ, मच्छरवाला." मग मला म्हणालीस, "इथं लय मच्छर आहेत गा. घेऊन ये तुही मशीन." ती बाई हसली. मीही हसल्यासारखं केलं.

एका दुपारी मिलिंद औषध आणायला खाली गेला होता. मी तुला संत्र्याच्या फोडी सोलून देत होतो. तू भिंतीकडे बघत विचारलंस, "राजू, गाडीचा हॉर्न बिघडला का तुह्या?"

मी फोडीवरचा दोरा काढत राहिलो. म्हटलं, "हो. बिघडला."

"मंग दुरुस्त करून घेजो," तू म्हणालीस. आणि फोड खाल्लीस.

त्या प्रश्नाचं काय करायचं हे मला अजून समजत नाही. तुला खरंच वाटत होतं का की हॉर्न बिघडला? की तुला सगळं कळलं होतं आणि तू मला बाहेर पडायला दार उघडून दिलंस? की खरं बोलायची एक संधी दिलीस आणि मी ती घालवली? तू आयुष्यभर ड्रम कलते करून, माह्या घरी बी निघाल्या होत्या, असं म्हणत आलीस. माझ्याशी तेच केलंस का? मी ठरवलं होतं, सुट्टी मिळून घरी आलीस की ओसरीवर बसून सांगेन. दवाखान्यात कशाला, म्हटलं. घरी सांगू. तू घरी आलीस ती अॅम्ब्युलन्समधून, पांढऱ्या कपड्यात.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमकुवत होतं, फुप्फुसं खराब होती, अमुक एका गोष्टीमुळेच झालं असं सांगता येत नाही. त्यांनी ते मला समजावून सांगितलं, कारण मी खात्यातला माणूस. मी मान हलवली. कागदावर सही केली. त्या शब्दांना धरून मला बसता आलं असतं. धरायलाही हाताला जाणीव लागते.

गटातल्या बाया परवा आल्या होत्या. घरामागच्या वाफ्यात गाजरगवत कमरेएवढं झालं आहे, पुढच्या आठवड्यात फुलेल. "भाऊ, उपटू का ठेवू? बाई असती तं विचारलं असतं." थोडा वेळ वाट बघून त्या निघून गेल्या.

तुझ्या श्रद्धांजलीच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरपंचांचा फोन आला. कार्यक्रम संध्याकाळी, कारण प्लांटवरची माणसं ड्युटी सुटल्यावर येणार. शहरातूनही लोक येणार. सरपंच फार आपुलकीनं बोलले, ताई. म्हणाले, "बाईनं गावासाठी लय केलं. मांडवात मच्छर चावले तं आपल्याले शोभत नाही. दुपारून बाईच्या गल्लीत अन् मांडवात धूर मारून घ्या. दुसऱ्या कोणाले नाही सांगत, तुमच्या हातानं झालेलं बरं." मी "हो" म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. साहेबांना "हो" म्हणतो तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन घेऊन तुझ्या कोपऱ्यापर्यंत आलो. डिझेल भरलेलं होतं, औषध मिसळलेलं होतं. एक खेच मारली की सुरू. मी ते मशीन गाडीवरच ठेवलं आणि चालत आत गेलो.

मिलिंद मांडवाच्या खांबाला दोरी बांधत होता. एकटाच होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. म्हणाला, "मामा, ते टोक धर." मी टोक धरलं. आणि धरूनच सांगायला लागलो. ग्रामसभा त्याला माहीत होती. हॉर्न माहीत नव्हता. हॉर्नवर अंगठा होता आणि मी वाजवला नाही, हे सांगितलं. का वाजवला नाही तेही सांगितलं. दवाखान्यात तू विचारलंस आणि मी खोटं बोललो, तेही.

त्याचे हात थांबले.

"मायचा आवाज आला होता का तुले?" त्यानं विचारलं.

इथं मला वाटा होत्या. मशीनचा आवाज मोठा असतो, सगळ्यांना माहीत आहे.

"आला होता," मी म्हणालो. "थांब म्हणाली होती."

त्यानं माझ्या हातातलं दोरीचं टोक काढून घेतलं, गाठ मारली, ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "धूर नाही मारायचा. सरपंचाले मी सांगतो. तू खुर्च्या उतरव टेम्पोतून."

मी खुर्च्या उतरवल्या. सगळ्या मीच उतरवल्या, रांगा लावल्या. तो माझ्याजवळून जायचा, यायचा. एकदा कोणीतरी दोघांना मिळून चहा दिला, तेव्हा त्यानं माझा कप ट्रेमधून उचलून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. हातात दिला नाही.

संध्याकाळी मांडव भरला. तुझा फोटो, समोर मेणबत्त्या, भंतेजी आले, वंदना झाली. आणि ताई, मच्छर आले. आभाळ भरून होतं, वारा पडला होता, नाल्याकडून थवेच्या थवे आले. शहरातल्या बाया पदर डोक्यावरून घेऊन बसल्या. भाषणं चालू असताना चहूकडून फटाफट आवाज येत होते, पोटरीवर, दंडावर, मानेवर. सरपंच मला शोधत होते. मागच्या रांगेतला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बहिणीचा भाऊ मच्छरवाला, अन् बहिणीच्याच मांडवात मच्छर!" दोन-चार जण हसले. तू असतीस तर तू सगळ्यात मोठ्यानं हसली असतीस.

मी बोलायचं होतं. माझं नाव पुकारलं. उभा राहिलो आणि म्हटलं, मला बोलता येणार नाही. लोकांना वाटलं, दुःखानं. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तसंच वाटू दिलं. हेही तुला सांगून ठेवतो.

शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. सगळे उठले, हात जोडले, डोळे मिटले. मिलिंद माझ्या डाव्या बाजूला उभा होता. फटाफट थांबली. एवढा मोठा मांडव आणि कोणी हलेना, नुसती भुणभुण. माझ्या दंडावर एक मच्छर बसला. मी डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहिलो. मागचे पाय उचलून, डोकं खाली घालून तो पीत होता. पोट लाल होत गेलं, फुगत गेलं. मला काही कळत नव्हतं. त्याला जेवढं हवं तेवढं घेऊ द्यावं, असं वाटत होतं.

मिलिंदनं थापड मारली. तळहात पूर्ण उघडा, पूर्ण ताकदीनं. त्या शांततेत तो आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. भंतेजींनीही डोळे उघडले. माझ्या दंडावर रक्ताचा डाग होता आणि त्याच्याभोवती मिलिंदची चारही बोटं उमटत होती. त्यानं हात परत जोडले होते, डोळे मिटले होते, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

दुखलं, ताई. खूप दुखलं.